कडू घोटाच्या निमित्तानं

दारूवर आपल्या अंकांतून लेख येतो तेव्हा त्यातली बाई बहुतेक दोनच रूपांत दिसते. एक तर ती मार खाणारी असते, नाही तर गुत्ता फोडणारी. दोन्ही रूपं खरी आहेत, वस्तीत काम करताना दोन्ही मी पाहते. पण दारू चाखणारी, तिच्या चवीबद्दल स्वतःचं मत असणारी बाई आपल्या लेखनात येत नाही. आलीच तर ‘उच्चभ्रू’ म्हणून एका वाक्यात तिची बोळवण होते. मैत्रिणींनो, मला आज त्या तिसऱ्या बाईपासून सुरुवात करायची आहे. तिला बाहेर ठेवल्यामुळे आपली दारूविरोधी भूमिकाच लंगडी राहिली आहे, असं मला वाटतं.

नोकरीनिमित्त बेल्जियमला असलेली एक मैत्रीण गेल्या हिवाळ्यात सुट्टीला छत्रपती संभाजीनगरला आली. येताना तिनं तिथली एक मोठी बाटली आणली. ‘हुब्लाँ शुफ’ हे तिचं नाव. हुब्लाँ म्हणजे फ्रेंचमध्ये हॉप्स, बिअरला कडवटपणा आणि वास देणारी वनस्पती. आम्ही पाच जणी जमलो. दोघी शिक्षिका, एक वकील, एक पाळणाघर चालवणारी आणि मी. वकील मैत्रिणीनं आधी परवान्याचा विषय काढला. हसू येईल, पण १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायलाही परवाना लागतो. गंमत म्हणजे हा कायदा वय विचारतो, बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस. तुम्ही बाई आहात की पुरुष, हे तो विचारत नाही. ते विचारायला समाज बसलेला आहे. बाटली उघडण्याआधी कुणी न सांगता एकीनं उठून खिडकीचा पडदा ओढला. दुसरी म्हणाली, “फोटो काढू नका गं.” त्याच वेळी खालच्या कोपऱ्यावर, अंडाभुर्जीच्या गाड्याशेजारी, चार पुरुष प्लास्टिकच्या ग्लासांतून उघड्यावर पीत होते. त्यांना कोणताच पडदा लागत नव्हता.

आता चवीबद्दल. याआधी मी जी बिअर प्यायले होते ती इथली नेहमीची, बर्फासारखी गार आणि जवळजवळ बेचव. ही तशी नव्हती. रंग सोनेरी, जरासा गढूळ. फेस दाट, ग्लासच्या कडेला चिकटून राहणारा. नाकाशी नेली तर संत्र्याच्या सालीचा आणि नुकत्या कापलेल्या गवताचा वास. पहिला घोट गोडसर, त्यात लवंग-मिऱ्यासारखा हलका मसालेदारपणा. घोट गिळल्यावर मात्र जिभेच्या मुळाशी कडू चव उतरते आणि बराच वेळ हलत नाही. कारल्याची कडू वेगळी, मेथीची वेगळी, पाडव्याच्या कडुनिंबाची वेगळी. ही या तिन्हींच्या गावची, पण वेगळ्या गल्लीतली. आमच्यातल्या दोघींनी तोंड वाकडं केलं आणि ग्लास बाजूला ठेवला. मला ती आवडली. नऊ टक्के मद्यार्क होता, म्हणजे आपल्याकडच्या ‘स्ट्राँग’ लिहिलेल्या बिअरपेक्षाही जास्त. त्यामुळे एका लहान ग्लासावर मी थांबले. हे सगळं इतक्या तपशिलानं लिहिते, कारण चवीबद्दल असं मोकळेपणी बोलायची सवय आपल्याला फक्त लोणच्यापुरती आहे.

मैत्रिणीनं सांगितलं की बेल्जियन यीस्ट आणि भरपूर अमेरिकन हॉप्स असा हा मेळ २००६ च्या सुमारास तिकडे बाजारात आला. यीस्टमुळे तो मसालेदारपणा, हॉप्समुळे तो कडूपणा. मग ती हॉप्सच्या वेलाबद्दल बोलू लागली आणि माझे कान टवकारले. या वेलात नर आणि मादी वेगवेगळी झाडं असतात. बिअरला लागतात ते फक्त मादी वेलावरचे हिरवे, शंकूच्या आकाराचे फुलोरे. त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी, चिकट पूड असते, कडूपणा आणि वास तिच्यात असतो. नर वेल जवळ असला की शंकूंत बिया धरतात, म्हणून बहुतेक मळ्यांतून तो उपटून टाकतात. आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये हे पीक घेतलं गेलं आहे. बाटलीच्या लेबलवर मात्र लाल टोपीवाला दाढीवाला बुटका होता. मळ्यात सगळ्या माद्या आणि लेबलवर पुरुष, हे आपल्या ओळखीचंच आहे!

हॉप्सचा आणि बायकांचा संबंध याहून खोल आहे. युरोपात कित्येक शतकं बिअर आंबवणं हे घरकाम होतं, भाकरी-कालवणासारखं. इंग्लंडमध्ये चौदाव्या शतकापर्यंत गावोगाव बायका घरच्या वापरासाठी ‘एल’ नावाचं हॉप्स नसलेलं पेय बनवायच्या आणि उरलेलं शेजारी विकायच्या. ते चार-सहा दिवसांत आंबट व्हायचं, त्यामुळे धंदा लहान राहायचा आणि बाईच्या हातात राहायचा. विधवा, एकट्या राहणाऱ्या बाया त्यावर पोट भरायच्या. हॉप्स घालून उकळलेली बिअर मात्र टिकते. ती पिंपांत भरून लांब पाठवता येते. आजच्या बेल्जियम-हॉलंडच्या मुलखातून ही पद्धत १४०० च्या सुमारास इंग्लंडात गेली. मग मोठ्या कढया आल्या, कोठारं आली, भांडवल आलं. कर्ज, करार, व्यापारी संघ, परवाने हे सगळं त्यामागून आलं. लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावानं करार करता येत नव्हता. एकटीला कुणी कर्ज देत नव्हतं. १६०० पर्यंत हा धंदा पुरुषांचा होऊन गेला. ज्युडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी १९९६ साली या विषयावर एक पुस्तकच लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की दोष हॉप्सचा नव्हता. बाईला बाजारात आधीच दुय्यम स्थान होतं. धंदा किफायतशीर झाला तसं त्या दुय्यमपणानं तिला बाहेर ढकललं. बेल्जियममध्ये १९४६ साली लिफमन्स या कारखान्यात सेक्रेटरी म्हणून लागलेल्या रोझा मर्क्स पुढे मुख्य बिअरकार झाल्या आणि १९७२ मध्ये मालकाच्या मृत्यूनंतर त्यांनी कारखान्याची सूत्रं हाती घेतली. त्यांना तिथे ‘पहिली स्त्री बिअरकार’ म्हणतात. ज्या कामाची सुरुवात बायकांनी केली त्यात विसाव्या शतकात ‘पहिली बाई’ मोजावी लागते!

हे सगळं दूर युरोपातलं म्हणून सोडून देऊ नका. आपल्याकडे हेच काम इंग्रज सरकारनं कायद्यानं केलं. १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानं दारू गाळण्याचा हक्क घराघरांतून काढून ठेकेदाराच्या हातात दिला. १८९२ मध्ये खास मोहासाठी कायदा आला आणि ठाणे-कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच निर्बंध आले. ही फुलं आदिवासी बायका पहाटे वेचतात, ती नुसती दारूसाठी नसतात. ती सुकवून खातात, टंचाईत तीच पोटाला आधार असतात. १९२२ साली पालघरच्या किनाऱ्याकडून सुरू होऊन दक्षिण गुजरातच्या आदिवासी पट्ट्यात पसरलेल्या देवीच्या चळवळीत आदिवासींनी दारू सोडण्याची शपथ घेतली. त्यात शुद्धाचाराइतकाच दारूच्या दुकानदार-सावकाराच्या कचाट्यातून सुटण्याचा भाग होता. स्वातंत्र्यानंतर सरकार आपलं आलं, पण महसुलाची ओढ तीच राहिली. बाटलीबंद दारू म्हणजे राज्याचं उत्पन्न आणि हातभट्टी म्हणजे गुन्हा.

हातभट्टी वाईट नाही असं मला म्हणायचं नाही. त्यात काय काय मिसळतात आणि विषारी दारूनं किती घरं उजाड होतात ते आपण जाणतो. पण धाड पडते तेव्हा गाडीत कोण बसतं ते पाहा. माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेली एक परित्यक्ता कॅनमधून दारू आणून घरात विकायची. माल पुरवणारा कोण होता ते साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. त्याच्यावर एकही केस नव्हती, तिच्यावर अनेक. तारखेच्या दिवशी तिची रोजी बुडायची, वकिलाची फी भरायला ती पुन्हा विकायची. आमच्या गटातल्या बायका तिच्याशी बोलत नसत, कारण त्यांच्या नवऱ्यांना ती पाजते. त्यांचा राग खराच होता. पण त्या साखळीतली सर्वांत अशक्त कडी तीच होती, आणि हात पोचत होता तो फक्त तिच्यापर्यंत.

२०१६ हे एकच साल घ्या. त्या वर्षीच्या अखेरीस युनेस्कोनं बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. घरोघरचं आंबवणं, मठांतली बिअर, चवीचं ज्ञान, सगळं वारसा ठरलं. मला त्याचा राग नाही, आनंदच आहे. पण मोह गाळणाऱ्या आदिवासी बाईचं ज्ञान आपल्या राज्यात उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदीत सापडतं, वारशाच्या यादीत नाही.

त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात आपल्या मराठवाड्यात काय चाललं होतं? लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं. जायकवाडी मृतसाठ्यावर होतं. आणि तेव्हाच्या औरंगाबादच्या भोवती, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात, बिअर आणि मद्याचे कारखाने उभे होते. कार्ल्सबर्ग, युनायटेड ब्रुअरीज ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. आपलं शहर लेण्यांसाठी आणि हिमरूसाठी ओळखलं जातं, पण ते बिअरचंही शहर आहे, हे आपण सहसा बोलत नाही. एक लिटर बिअरसाठी चांगल्या कारखान्यातही साधारण तीन ते पाच लिटर पाणी खर्च होतं. शेवटी एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला. मद्य कारखान्यांच्या पाण्यात आधी निम्मी, मग मे महिन्यापासून साठ टक्के कपात. जे शासनाला आपणहून सुचायला हवं होतं ते कोर्टानं सांगितलं. त्या काळात वस्तीतल्या बायका टँकरच्या मागे हंडे घेऊन पळत होत्या. २०२२ च्या उन्हाळ्यातही शहराच्या कित्येक भागांत आठवड्यातून एकदा नळ येत होता. म्हणजे या शहरातली बाई बिअर पिवो न पिवो, बिअरची किंमत ती हंड्यानं मोजते.

माझ्या मते दारूचा प्रश्न स्त्री-चळवळीनं इथून विचारायला हवा. कोण पितं हा प्रश्न सोपा आहे. ती कोण बनवतं, पाणी कुणाचं जातं, पैसा कुणाकडे जातो, तुरुंगात कोण जातं आणि मार कोण खातं, हे प्रश्न अवघड आहेत.

मी बिअर चाखल्याचं वस्तीत कळलं तेव्हा गटातल्या एका बाईनं सरळ विचारलं, “ताई, तुमीबी पेता व्हय? मग आमच्या मालकाला कोन्या तोंडानं सांगायचं?” प्रश्न रास्त होता. मी तिला म्हटलं, “मावशी, तुमचे मालक पितात ही तुमची तक्रार आहे की मारतात ही?” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “दोनीबी. पर पिऊन गप निजला असता तर म्या इथं कशाला आले असते?” तिथे बसलेल्या दुसरीनं सांगितलं की तिचा नवरा माळकरी आहे, थेंबाला शिवत नाही, आणि तरी हात उचलतो. त्या दिवशी आमची बैठक दोन तास लांबली. पिऊन आलेला नवरा बायकोला मारतो, पण मुकादमाला मारत नाही, पोलिसालाही नाही. एवढी शुद्ध त्याला असते. कुणावर हात उचललेला चालतो, हे त्याला दारू शिकवत नाही, घर शिकवतं. दारू त्याला सबब पुरवते. दुर्दैवानं आपणही पुरवतो. आपल्या समुपदेशन केंद्रांच्या नोंदवहीत ‘कारण’ या रकान्यात किती सहज ‘नवऱ्याचे व्यसन’ लिहिलं जातं! २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात व्यसन ही सवलत नाही. मग आपल्या रकान्यात ती का?

आमच्या संघटनेतल्या एका ज्येष्ठ ताईंना माझं हे म्हणणं पटत नाही. आडव्या बाटलीच्या मतदानासाठी त्यांनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या आहेत, दुकानदाराच्या धमक्या सोसल्या आहेत. त्या म्हणाल्या, “तुझ्या त्या बाटलीच्या पैशात आमच्या बाईचं आठवड्याचं तेल-मीठ येतं. चवीच्या गप्पा मारायला पोट भरलेलं लागतं.” त्यांच्या या बोलण्यातला वर्गाचा मुद्दा मी खोडू शकत नाही आणि खोडायचाही नाही. पण त्यांना मी एवढंच विचारते की चहाच्या, पानाच्या, तंबाखूच्या चवीवर आपण बाईला जोखत नाही. बिअरवर जोखतो ते आरोग्यासाठी की अब्रूसाठी? जानेवारी २००९ मध्ये मंगळूरच्या पबमधून मुलींना मारत बाहेर काढलं गेलं. मारणारे दारूबंदीवाले नव्हते, ते अब्रूवाले होते. २००५ साली आपल्या राज्यानं डान्सबार बंद केले, हजारो बायकांचा रोजगार गेला, पुरुषांच्या ग्लासातला थेंबही कमी झाला नाही. बारमध्ये बायकांनी नोकरी करू नये अशी दिल्लीत लागू असलेली जुनी तरतूद सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये रद्द ठरवली. बाईला वाचवायचं नाव घेऊन तिची वाट बंद करायची, ही रीत त्या निकालानं नाकारली. आपण ती आपल्या बैठकांतून जपायची का?

आपल्या थोर लढ्यांचा वारसा यानं कमी होत नाही, उलट नीट कळतो. १९७२-७३ च्या दुष्काळी वर्षांत शहाद्याच्या आदिवासी बायकांनी गुत्ते फोडले ते जमिनीच्या, मजुरीच्या लढ्याचा भाग म्हणून. १९९२ मध्ये आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या दुबगुंट्याच्या बायका उठल्या त्या साक्षरता वर्गात बसल्यानंतर. त्यांचा रोख अरकाच्या ठेकेदारांवर आणि त्यांच्या पाठीशी असलेल्या सरकारवर होता. त्यांनी मिळवलेली बंदी सरकारनं १९९७ मध्ये मागे घेतली. चंद्रपूरच्या बायका डिसेंबर २०१० मध्ये चिमूरहून नागपूरपर्यंत चालत गेल्या. एप्रिल २०१५ पासून बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. प्रत्येक वेळी बायकांनी मिळवलं आणि तिजोरीनं परत घेतलं. आणि त्याच शहाद्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये तेव्हाचे एक मंत्री साखर कारखान्याच्या कार्यक्रमात म्हणाले की दारूला बाईचं नाव द्या, खप वाढेल. नंतर त्यांनी माफी मागितली. पण ज्या तालुक्यात बायकांनी मडकी फोडली त्याच तालुक्यात हा सल्ला दिला गेला, हे आपण विसरू नये.

बाजाराच्या बाजूनंही सावध राहायला हवं. ‘लेडीज नाईट’ला फुकट ग्लास देणारा पबवाला आपल्या मुक्तीसाठी झटत नसतो. बाईला सौम्य, गव्हाची, फळांच्या वासाची बिअर आणि पुरुषाला कडू, ही वाटणी जाहिरातवाल्यांची आहे, जिभेची नाही. आणि शरीराचं शास्त्रही डोळ्याआड करून चालणार नाही. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढीच दारू तिला जास्त चढते. स्तनाच्या कर्करोगाचा धोका दारूनं वाढतो. दारूचं कोणतंच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितलं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तो ग्लास घेतला. माहिती असताना हो किंवा नाही म्हणणं, हाच तर अधिकार आपण बाईसाठी इतर सगळ्या बाबतींत मागतो. मात्र ज्या बाईचं पिणं हाताबाहेर गेलं आहे तिला जायला जागा कुठे आहे? व्यसनमुक्ती केंद्रं पुरुष डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली आहेत. मूल बरोबर घेऊन राहता येईल अशी सोय माझ्या कामात मला अजून भेटलेली नाही. आपण पिणाऱ्या बाईला अस्तित्वच नाकारतो, तेव्हा तिच्यासाठी खाट मागायलाही कुणी पुढे येत नाही.

आमच्या केंद्रात आम्ही नोंदवहीचे रकाने बदलायला घेतले आहेत. ‘हिंसा’ एक रकाना, ‘व्यसन’ दुसरा, आणि ‘कारण’ हा रकाना काढून टाकायचा. कारखान्यांना उन्हाळ्याच्या चार महिन्यांत रोज किती पाणी जातं, याचा माहिती अधिकारात अर्जही तयार होतो आहे. पाण्याचा अर्ज आपापल्या जिल्ह्यात तुम्हालाही करता येईल, मसुदा हवा असेल तर पत्र टाका. आणि एक माहिती आम्हाला हवी आहे. तुमच्या गावात किंवा वस्तीत दारू विकायला बसणारी बाई कोण आहे, ती विधवा आहे की टाकलेली, तिच्या नावावर किती केसेस आहेत आणि तिला जामीन कोण राहतं, एवढं पुढच्या अंकाच्या आत लिहून पाठवा. तिचं नाव मात्र लिहू नका.